मंडपातून रस्त्यावर: टाटांच्या गाड्या आणि दिल्लीचे वाहन-प्रदर्शन

सानपाड्यातून सायन-पनवेल महामार्गाला लागणाऱ्या रस्त्याच्या कडेला संध्याकाळी दहा मिनिटे उभे राहिले, तरी टाटा मोटर्सचा गेल्या पाव शतकाचा इतिहास उलटसुलट क्रमाने समोरून जातो. एमएच-४३ची पाटी लावलेली नेक्सॉन, तिला खेटून पंच, तुर्भ्याच्या बाजार समितीतून कांदा-बटाट्याच्या गोण्या घेऊन निघालेला छोटा हत्ती, मध्येच एखादी रंग उडालेली जुनी इंडिका, मागच्या काचेवर कुण्या ट्रॅव्हल्सचे अर्धवट खरवडलेले नाव. हत्तीचे सोडा, पण यांतल्या बऱ्याच गाड्या रस्त्यावर येण्याआधी, कधी काही महिने तर कधी तीन-तीन वर्षे आधी, दिल्लीच्या मंडपात झगझगीत दिव्यांखाली उभ्या होत्या. त्यांना तेव्हा नंबरपाटी नव्हती, काहींना तर पक्के नावही नव्हते.

तो मंडप म्हणजे ऑटो एक्स्पो. पॅरिसचे मोटार-प्रदर्शन १८९८ पासूनचे आणि जिनिव्हाचे १९०५ पासूनचे; त्या मानाने आपले प्रदर्शन अगदीच अलीकडचे. ३ जानेवारी १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते प्रगती मैदानावर त्याचे उद्घाटन झाले आणि ते नऊ दिवस चालले. परवाना-पद्धती तेव्हा जिवंत होती. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याची सवय झालेल्या देशात वाहने नुसती पाहायला मिळणे हाच एक सोहळा होता. दुसरे प्रदर्शन भरायला १९९३ साल उजाडले, तिसरे १९९६ मध्ये झाले आणि १९९८ पासून दर दोन वर्षांनी हा मेळा भरू लागला. वाहन उत्पादकांची संघटना सियाम, सुटे भाग बनवणाऱ्यांची अ‍ॅक्मा आणि उद्योगांची सीआयआय या तिघींनी मिळून तो भरवायचा, असा परिपाठ पडला.

इतर कंपन्या तिथे माल मांडायला जात. टाटांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांनी या मंडपात वेळोवेळी चारचौघांसमोर शब्द दिले. काही पाळले, काही अर्धेमुर्धे पाळले आणि काही हवेत विरले. परदेशी कंपनी आपल्या देशात आधीच विकली जाणारी गाडी इथे आणून ठेवते; तिने दाखवलेली गाडी अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. टाटांना मात्र आधी हे पटवावे लागले की ट्रक बनवणारी कंपनी मोटार बनवू शकते.

कारण टाटा म्हणजे ट्रक, हे समीकरण महाराष्ट्रातच काय, देशभर घट्ट होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टाटांच्या टेल्को या कंपनीने जमशेदपूरला आधी रेल्वेची इंजिने बनवली. १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून ट्रक सुरू झाले. करार १९६९ मध्ये संपला, तोवर कंपनी स्वतःच्या पायावर उभी राहिली होती. पिंपरी-चिंचवडचा कारखाना उभा केला तो टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांनी. आधी यंत्रे बनवणारी यंत्रे आणि हुशार हात तयार करायचे, मग वाहने, हा त्यांचा क्रम होता. १९८० च्या दशकात टोयोटा, मित्सुबिशी, माझदा, निस्सान या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसह हलके ट्रक घेऊन उतरल्या, तेव्हा टेल्कोने पुण्यातच ४०७ घडवून १९८६ मध्ये बाजारात आणला आणि त्या चौघींना पुरून उरला. पुढे १९९१ ची सिएरा, १९९२ ची इस्टेट आणि १९९४ ची सुमो आली. सुमो हे नाव जपानी पैलवानांचे वाटते, पण ते सुमंत आणि मुळगावकर यांच्या आद्याक्षरांवरून ठेवलेले आहे. तरीही या गाड्यांच्या हाडात ट्रकचा वारसा होताच. सांगाडा वेगळा आणि वरचे घर वेगळे, अशी त्यांची बांधणी.

जानेवारी १९९८ च्या प्रदर्शनात इंडिका उभी राहिली तेव्हा हे सगळे मागे पडले. झेनच्या आकाराची, अ‍ॅम्बेसेडरइतकी आत ऐसपैस, मारुती ८०० च्या किमतीच्या आसपासची आणि डिझेलवर चालणारी गाडी देऊ, असे रतन टाटा सांगत होते. अनेकांनी ते हसण्यावारी नेले होते. त्याच प्रदर्शनात देवूची मॅटिझ आणि ह्युंदाईची सँट्रो याही होत्या, म्हणजे स्पर्धा काही लुटुपुटीची नव्हती. इंडिकाचे रूप तुरीनच्या आयडिया या संस्थेबरोबर ठरवलेले होते. मला सर्वांत थक्क करते ती कारखान्याची कथा. निस्सानने १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियातले मोटार-उत्पादन बंद केले होते. तिथला निपचित पडलेला कारखाना टेल्कोने विकत घेतला, खिळा न् खिळा सुटा केला, जहाजांत भरला आणि पुण्यात आणून पुन्हा जोडला. नवा कारखाना उभारण्याच्या खर्चाच्या मानाने हा सौदा फारच स्वस्तात पडला. देशी बनावटीची पहिली मोटार अशा परदेशी, वापरलेल्या यंत्रांवर तयार झाली, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे मला काही दिसत नाही.

३० डिसेंबर १९९८ रोजी गाडी बाजारात आली आणि आठवडाभरात सुमारे १ लाख १५ हजार जणांनी पैसे भरून नोंदणी केली. मंडपातला शब्द पाळला गेला होता. पुढची दोन वर्षे मात्र सत्त्वपरीक्षेची गेली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारींचा पाऊस पडला. २००१ मध्ये सुधारलेली व्ही२ आली तेव्हा कुठे लोकांचे समाधान झाले. २०००-०१ या वर्षात कंपनीने ५०० कोटी रुपयांचा तोटा दाखवला. मधल्या काळात मोटारींचा धंदा विकून टाकावा, या विचाराने टाटांची मंडळी १९९९ मध्ये डेट्रॉइटला फोर्डकडे जाऊन आली होती. तिथे मिळालेली वागणूक मानहानीची होती, असे त्या चमूतले प्रवीण काडले यांनी पुढे जाहीरपणे सांगितले. सौदा झाला नाही. इंडिका वाचली आणि टॅक्सी म्हणून गावोगाव पोहोचली. नवी मुंबईत रात्रपाळीच्या नोकरदारांची ने-आण तिने वर्षानुवर्षे केली.

२००३ मध्ये टेल्कोचे नाव टाटा मोटर्स झाले. त्याच वर्षी जिनिव्हाच्या प्रदर्शनात रतन टाटांची एक मुलाखत झाली. फायनान्शियल टाइम्सच्या पत्रकाराने त्यांना, डोक्यात असलेल्या स्वस्त गाडीची किंमत काय असेल, असे विचारले. त्यांनी अंदाजाने लाखभर रुपये असे सांगितले. दुसऱ्या दिवशी मथळा आला: टाटा लाख रुपयांत गाडी देणार. खुलासा करावा, असे त्यांना आधी वाटले. मग त्यांनी तोच आकडा लक्ष्य म्हणून स्वीकारला. हे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. एका प्रदर्शनात सहज निघालेला आकडा दुसऱ्या प्रदर्शनात पुरा करून दाखवायचा, असा हा पाच वर्षांचा पल्ला होता.

काम आले ते गिरीश वाघ यांच्या चमूकडे. पुण्यात शिकलेल्या या अभियंत्याने त्याआधी एस हा छोटा टेम्पो घडवला होता. एस म्हणजेच आपला छोटा हत्ती. २००५ मध्ये तो बाजारात आला, त्याचे इंजिन दोन सिलिंडरचे, ७०० सीसीच्या आसपासचे. त्याचे नाव झाले ते गल्लीबोळांत, बाजार समित्यांच्या फाटकांवर. गाजावाजा न होता टाटांचे जे वाहन सर्वांत जास्त घरांची चूल पेटती ठेवत असेल, ते बहुधा हेच. तुर्भे-सानपाड्याच्या सीमेवर पहाटे चारला याचा प्रत्यय येतो.

१० जानेवारी २००८. प्रगती मैदानावरच्या टाटांच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. रतन टाटा स्वतः गाडी चालवत रंगमंचावर आले. मधल्या चार-पाच वर्षांत पोलाद, रबर, सगळ्याचे भाव वाढले होते, तरी दिलेला शब्द हा शब्द असतो, असे सांगून त्यांनी किंमत जाहीर केली: एक लाख, कर आणि वाहतूक वेगळी. बाजारातल्या सर्वांत स्वस्त गाडीच्या साधारण निम्मी. जगभरच्या वृत्तवाहिन्यांनी भारतातले एखादे वाहन-प्रदर्शन इतक्या आस्थेने दाखवण्याची ती पहिलीच वेळ असावी. आणखी एक योगायोग असा की, आदल्याच आठवड्यात, ३ जानेवारीला, फोर्डने जॅग्वार आणि लँड रोव्हरच्या विक्रीसाठी टाटांशी पुढची बोलणी करण्याचे जाहीर केले होते. देशातली सर्वांत स्वस्त मोटार आणि इंग्रजांच्या मिरवण्याच्या दोन गाड्या एकाच घराण्याच्या, एकाच पंधरवड्यातल्या बातम्या झाल्या. ज्या फोर्डकडे १९९९ मध्ये मोटारींचा धंदा विकायला गेले होते, त्याच फोर्डकडून जून २००८ मध्ये त्या कंपन्या टाटांच्या ताब्यात आल्या.

नॅनो जवळून पाहण्यासारखी गाडी होती. लांबी ३.१ मीटर, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही कमी, पण आत बसले की पाय पसरता यायचे, कारण ६२३ सीसीचे दोन सिलिंडरचे इंजिन मागच्या सीटखाली ढकललेले होते. पुढच्या काचेवर वायपर एकच. प्रत्येक चाकाला चारऐवजी तीन नट. साध्या मॉडेलला बाहेरचा आरसा फक्त चालकाच्या बाजूला. मागचे दार दिसायला होते, पण ते उघडत नसे. सामान ठेवायचे तर मागची सीट पाडून आतून. स्टिअरिंगचा दांडा पोकळ. यातली प्रत्येक काटकसर काही रुपयांची किंवा काही ग्रॅमची, आणि त्यांच्या बेरजेतून लाखाचा आकडा गाठलेला. चौघांचे कुटुंब एका स्कूटरवर पावसात भिजत जाताना पाहून ही कल्पना सुचली, असे टाटा सांगत. स्कूटरवाल्याला छप्पर द्यायचे, एवढाच मूळ हेतू. त्या हेतूसमोर ठेवून पाहिले तर हे अभियांत्रिकीचे नवलच आहे.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. नॅनोच्या कारखान्यासाठी घेतलेल्या सिंगूरच्या जमिनीचे आंदोलन पेटले, ऑक्टोबर २००८ मध्ये टाटांनी पश्चिम बंगालमधून काढता पाय घेतला आणि कारखाना गुजरातेत साणंदला गेला. तो उभा राहीपर्यंत गाड्या उत्तराखंडच्या पंतनगरला बनत. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत नॅनोची विक्री जाहीर झाली आणि दोन लाखांहून अधिक नोंदण्या आल्या. पण गाड्या वेळेवर मिळेनात, काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या झाल्या, आणि मुख्य म्हणजे ‘सर्वांत स्वस्त’ हे बिरूद गिऱ्हाइकालाच खुपू लागले. दारात उभी केलेली मोटार चार लोकांना आपली ऐपत सांगते. गरिबाची गाडी म्हणून मिरवलेली वस्तू गरिबालाही नको असते. ही चूक झाली, असे रतन टाटांनीही पुढे मान्य केले. जानेवारी २०१४ मध्ये गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत नॅनोला शून्य तारे मिळाले. २०१८ च्या अखेरीस तिचे उत्पादन थांबले.

नॅनोनंतरची दोन प्रदर्शने फारशी रेंगाळण्यासारखी नाहीत. २०१० मध्ये अरिया दिसली, ती महाग पडली आणि चालली नाही. २०१२ मध्ये सफारी स्टॉर्म आली, ती जुन्याच सफारीचे कष्टाने केलेले नूतनीकरण. प्रगती मैदानाला गर्दी पेलवेना म्हणून २०१४ पासून गाड्यांचे प्रदर्शन ग्रेटर नोएडाला हलले.

इथपासून टाटांच्या दालनात संकल्पना-गाड्यांना महत्त्व आले. अशी गाडी म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. पसंती आली तरी लग्न होईलच असे नाही. आधी कागदावर आणि संगणकावर रेखाटन होते, मग पूर्ण आकाराची गाडी विशेष मातीत घडवतात. ही माती तापवली की मऊ होते आणि गार झाली की तासता येते. यंत्राने ढोबळ आकार कापला की कारागीर हातातल्या पात्यांनी तिचा पृष्ठभाग घासत बसतात, कारण दिव्याचा प्रकाश दारावरून कसा ओघळतो हे पडद्यावर नीट कळत नाही. त्यावरून बनलेल्या प्रदर्शनातल्या गाडीची चाके मुद्दाम मोठी असतात, आरशांऐवजी बारीक कॅमेरे असतात, दाराला कडी दिसत नाही आणि काचा अनेकदा काळ्या असतात, कारण आत अजून काही नसते. मग पाळी येते हिशेबी मंडळींची. काच खाली जायला हवी, वायपर हवा, नंबरपाटीला जागा हवी, जादा चाक कुठेतरी बसायला हवे, आणि पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या चाचण्यांत पास व्हायला हवे. या सगळ्यातून मूळ रेघ किती उरते, त्यावर कंपनीचा कस लागतो.

२०१४ ची नेक्सॉन याचा उत्तम नमुना. नॅनोला शून्य तारे मिळाल्याची बातमी ताजी असतानाच, पुढच्याच महिन्यात ही संकल्पना-गाडी मांडली गेली. मागे उतरत जाणारे छप्पर, खिडक्यांखालून मागपर्यंत गेलेला पांढुरका पट्टा, ही तिची ओळख. सप्टेंबर २०१७ मध्ये ती विक्रीला आली तेव्हा छप्परही तसेच होते आणि पट्टाही. डिसेंबर २०१८ मध्ये तिला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले; भारतात बनलेल्या गाडीला ते पहिल्यांदाच मिळाले. सानपाड्याच्या रस्त्यावर तो पांढरा पट्टा आता इतका सवयीचा झाला आहे की त्याच्याकडे कुणी पाहतही नाही.

२०१६ च्या प्रदर्शनाची गंमत निराळी. नव्या छोट्या गाडीचे नाव ठरले होते झिका, चटपटीत या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून जुळवलेले. फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीला घेऊन कंपनीच्या जाहिरातीही झळकू लागल्या होत्या. आणि १ फेब्रुवारीला जागतिक आरोग्य संघटनेने झिका विषाणूच्या साथीवरून आणीबाणी जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी टाटांनी नाव बदलण्याचे ठरवले, पण प्रदर्शन तोंडावर आले होते. त्यामुळे मंडपात गाडी झिका नावानेच उभी राहिली; येणाऱ्या-जाणाऱ्याला माहीत की हे नाव राहणार नाही. लोकांकडून नावे मागवून महिनाअखेरीच्या आत ती टियागो झाली आणि एप्रिलमध्ये विक्रीला आली. बारशाआधी नाव बदलण्याचा हा खटाटोप कंपनीला महाग पडला असेल, पण गाडी चालली.

२०१८ चे दालन मात्र टाटांचे सर्वांत भरीव. एच५एक्स आणि ४५एक्स अशी गणिताच्या वहीतली नावे असलेल्या दोन गाड्या प्रताप बोस यांच्या रेखाटन-चमूने मांडल्या. पहिली जानेवारी २०१९ मध्ये हॅरियर झाली. तिचा पाया लँड रोव्हरच्या पायावरून घेतलेला, म्हणजे २००८ च्या त्या खरेदीचे फळ दहा वर्षांनी पिंपरीच्या गाडीत उतरले. दुसरी २०२० मध्ये अल्ट्रोझ म्हणून आली. मुख्य दिवे खाली बंपरमध्ये आणि वर भुवईसारखी प्रकाशरेघ, ही हॅरियरची मंडपातली चर्या रस्त्यावरही तशीच राहिली. त्याच प्रदर्शनात रेसमो ही दोन माणसांची खेळगाडीही होती. ती गर्दी खेचून गेली आणि विक्रीला कधीच आली नाही.

२०२० मध्ये एचबीएक्स दिसली; पुढच्या वर्षी तिचे पंच असे नामकरण झाले आणि २०२४ मध्ये ती देशातली सर्वाधिक विकली गेलेली मोटार ठरली, दोन लाखांहून अधिक. कित्येक दशके मारुतीकडे असलेला तो मान एका संकल्पना-गाडीच्या वारसाने घेतला. साथीमुळे २०२२ चे प्रदर्शन हुकले आणि ते जानेवारी २०२३ मध्ये भरले. तिथे कर्व्ह दिसली, हॅरियरची विजेरी आवृत्ती दिसली, आणि २०२२ मध्ये पहिल्यांदा दाखवलेली, २०२५ चा वायदा केलेली अविन्याही दिसली. आता मेळ्याचे नाव भारत मोबिलिटी झाले आहे आणि तो पुन्हा दिल्लीत, प्रगती मैदानाच्या जागी उभ्या राहिलेल्या भारत मंडपमला आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये अविन्या एक्स तिथे होती, पण अजूनही संकल्पना म्हणूनच.

सिएराने सर्वांत जास्त वाट पाहायला लावली. १९९१ ची सिएरा दोनच दारांची होती आणि मागच्या बाजूला वर छपरापर्यंत वळत गेलेली भलीमोठी काच ही तिची खूण. ज्यांनी ती लहानपणी पाहिली त्यांच्या मनातून ती काच गेलेली नाही. २०२० च्या प्रदर्शनात विजेवर चालणारी सिएरा संकल्पना म्हणून आली. २०२३ मध्ये ती पुन्हा आली, चार दारांसह. २०२५ च्या जानेवारीत तिसऱ्यांदा, पण आता पेट्रोल-डिझेलच्या रूपात. आणि २५ नोव्हेंबर २०२५ रोजी ११.४९ लाख रुपयांपासूनची तिची किंमत जाहीर झाली तेव्हा आधी आली ती इंजिनवालीच. ज्या विजेच्या गाडीसाठी मंडपात पाच वर्षांपूर्वी टाळ्या वाजल्या होत्या, तिला मागाहूनचा नंबर मिळाला. ती प्रसिद्ध वळणदार काचही आता एकसंध राहिलेली नाही. चार दारे दिली की मध्ये खांब हवा, म्हणून खांबांना काळा रंग देऊन लांबून काच सलग दिसेल अशी सोय केली आहे.